माईच्या उंचीची खुर्ची

देवासच्या रत्नाकर मुळ्येला नक्षीचं वावडं होतं. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला शेंगदाणा सोसत नाही, ह्याला नक्षी सोसत नसे. ताटाच्या काठावर वेलबुट्टी दिसली की ह्याची भूक मरायची. एकदा तर आईच्या देव्हाऱ्यावरचे दोन मोर रंधा मारून सपाट करायचा घाट त्यानं घातला होता. आई म्हणजे माई. ती उलथनं घेऊन देव्हाऱ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, देवांना मोरांची सवय झालीय, तुझी तू बघ. मोर वाचले.

एवढं सोडलं तर मुलगा गुणाचा. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, वडील लवकर गेले, आणि रत्नाकर ए. बी. रोडवरच्या नव्या कारखान्यात नकाशे काढायला लागला. कानामागे पेन्सिल, बोटांना शाई. कारखान्याचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मोरी, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यातून माताजीची टेकडी दिसायची. घरात तो, माई आणि धाकटी बहीण सुनेत्रा. बहिणीचं झाल्याशिवाय आपलं करायचं नाही असं त्यानं ठरवलेलं, आणि सुनेत्राचं काही केल्या होत नव्हतं. ते का, ते पुढे येईलच.

कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. तो गेला आणि मागे एक गुळगुळीत मासिक टाकून गेला. त्यात एका खोलीचं चित्र होतं. खोलीत एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली एक गोरी बाई. बाकीचे लोक बाई बघून मासिक पुढे सरकवत होते. रत्नाकर खुर्ची बघत बसला, आणि त्याचा डबा तसाच राहिला.

खुर्ची म्हणजे काय होती म्हणाल, तर चार काठ्या, दोन वल्ह्यांसारखे निमुळते हात, आणि वेताची विणलेली बैठक. पाय बाहेरच्या अंगाला कललेले, पाठ मागे रेललेली. ना सिंह, ना द्राक्षाचे घड, ना कमळ. त्या देशात लढाईनंतर लोकांनी अशा खुर्च्या करायला घेतल्या, लाकूड जेवढं लागतं तेवढंच वापरायचं, असं त्याला कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं. रत्नाकरला वाटलं, जगात आपल्यासारखा आणखी कुणीतरी आहे.

मग त्यानं नकाशा काढायला घेतला. चित्रावरून माप काढायचं तर चित्रातल्या एका तरी वस्तूची खरी उंची ठाऊक पाहिजे. चित्रात बाई होती. आता बाई म्हणजे केवढी? रत्नाकरच्या डोळ्यापुढे बाई म्हटलं की माई. त्यानं माईला दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली आणि पट्टी लावली. माईचं म्हणणं, हा शिवायला टाकायच्या चोळीचं माप घेतोय. ती मुकाट्यानं उभी राहिली. माई पाच फुटाला पुरी भरत नसे. तिकडच्या बायांचं डोकं दाराच्या वरच्या चौकटीला लागतं हे रत्नाकरला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे चित्रात ऐसपैस असलेली खुर्ची नकाशात सगळीकडून आटली. बैठक जमिनीला लागायला आली, आणि दोन हातांमधली जागा माईपुरती उरली. पायांचा तिरकेपणा मात्र जसाच्या तसा राहिला, कारण कोन काही माणसाच्या उंचीनं बदलत नाही.

नकाशा उमाशंकर सुताराकडे गेला. उमाशंकर जिवाचा माणूस. पहिल्या खेपेला त्यानं पाय सरळ करून आणले आणि वर म्हणाला, "भिया, नक्शे में टाँगें टेढ़ी आ गई थीं. मैंने सीधी कर दीं." रत्नाकरनं समजावलं. दुसऱ्या खेपेला उमाशंकरनं तीन पाय सरळ ठेवले आणि त्याचं मन राखायला एक तिरका केला. तिसऱ्या खेपेला रत्नाकर कोनमापक घेऊन शेजारी बसून राहिला. उमाशंकरनं जीव मुठीत धरून चारही पाय तिरके केले आणि एवढीच विनंती केली की हे काम कुणाच्या हातचं आहे ते बाजारात सांगू नये.

खुर्ची घरी आली. माईनं कमरेवर हात ठेवून ती पाहिली. म्हणाली, नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहतं तशी दिसतेय, कोपऱ्यात ठेव, कुणाच्या अंगावर पडायची. शेजारपाजारचे येऊन हसून गेले. कुणी म्हणालं पाय फाकलेत, कुणी म्हणालं दमलीय बिचारी. रत्नाकर संध्याकाळी तिच्यासमोर सतरंजीवर बसून तिच्याकडे बघत असे. स्वतः बसत नसे, कारण त्याला ती घट्ट व्हायची. चूक कुठे झाली ते त्याला कळत नव्हतं, आणि बघताना सुख एवढं होतं की त्यानं शोधलीही नाही.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. तो कामावर गेला की माई त्या खुर्चीत बसून मटार सोलायची. जन्मात पहिल्यांदा तिचे पाय खुर्चीत बसून जमिनीला टेकत होते. कधी लेक लवकर आला आणि फाटक वाजलं की ती टुणकन उठायची आणि खुर्चीकडे पाठ करून उभी राहायची.

आता सुनेत्राचं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. इंदूरला ट्रेनिंगला गेली तेव्हा धारचा सुभाष तिथं होता, तोही मास्तर. दोघांचं जुळलं. सुनेत्रानं घरी सांगून टाकलं की करीन तर ह्याच्याशी, नाहीतर शाळा आहेच. माईला मुलगा पसंत, रत्नाकरला पसंत, जात तीच, पत्रिकाही ओढूनताणून जमली. अडचण एकच. सुभाषचे वडील.

त्यांना सगळे भैयासाहेब म्हणत. धारच्या दरबारच्या जुन्या मानकऱ्यांचं घर. दरबार जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली तरी ह्यांच्या अंगातून गेला नव्हता. भैयासाहेब तोंडानं नकार कधी देत नसत. ते त्यांच्या मते हलकं काम. बैठकीत काही मनाविरुद्ध झालं की ते उभे राहायचे, डोक्यावरची काळी टोपी दोन्ही हातांनी नीट करायचे, आणि चालू लागायचे. ते उभे राहिले म्हणजे सोयरीक मोडली. जोवर बसलेत तोवर मोडली नाही. हे धार, इंदूर, उज्जैनपर्यंत सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. थोरल्या मुलाच्या वेळी पुरी गार होती म्हणून उठले. पुतणीच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं म्हणून उठले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या मंडळी रुक्मिणीबाई उठायच्या, हातातली बशी तशीच ठेवून. त्या बाईनं दुसऱ्याच्या घरचे पोहे पुरे असे कधी खाल्लेच नव्हते.

सुनेत्राच्या घरची बैठक ठरायलाच दोन वर्षं गेली. शहात्तर सालच्या माघात ठरली. आदल्या दिवशी माईनं हुकूम सोडला की ते वासरू घरात दिसता कामा नये. रत्नाकर खुर्ची घेऊन मोरीत गेला, तर तिचे हात दारात अडकले. व्हरांड्यात ठेवावी तर येणाऱ्यांना पहिली तीच दिसणार. शेवटी कोपऱ्यात ठेवून तिच्यावर धारकडच्या बाग गावच्या छापाचा नवाकोरा पलंगपोस टाकला. भैयासाहेबांसाठी शेजाऱ्यांकडून उंच पाठीची, वेलबुट्टीची खुर्ची आणली. रत्नाकर तिच्याकडे बघणं टाळत होता.

पाहुणे आले. भैयासाहेब देहानं भरदार, वर कोट. त्यांच्या मागे सुभाष आणि रुक्मिणीबाई. भैयासाहेबांनी उंच खुर्चीकडे पाहिलं, आणि मग कोपऱ्याकडे पाहिलं. हे काय झाकून ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. माई म्हणाली, काही नाही, जुनं सामान. जुन्या सामानावर नवा पलंगपोस कोण घालतं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. दरबारच्या रीतीप्रमाणे झाकलेलं आसन म्हणजे राखून ठेवलेलं आसन. त्यांचा हात टोपीकडे जायला लागला.

"आमच्या मागून कोणी आमच्याहून मोठं यायचंय वाटतं?"

आतल्या दारातून सुनेत्रानं भावाकडे पाहिलं. काहीतरी करायला हवं म्हणून रत्नाकर पुढे झाला आणि त्यानं पलंगपोस ओढला. बहिणीसाठी ओढला हे खरं, पण ओढताना त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो काही बहिणीसाठी नव्हता.

"आपल्यासाठीच झाकून ठेवली होती," तो म्हणाला. "विलायती धाटणी आहे."

भैयासाहेबांनी शेजाऱ्यांच्या खुर्चीला पाठ केली, मान ताठ ठेवली आणि त्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे गेले. जिथं बैठक असेल असं त्यांना वाटलं होतं तिथं ती नव्हती. वेतानं एक लांबलचक कुरकुर केली, गुडघे कोटाच्या खिशांच्याही वर आले, आणि खुर्चीचे दोन्ही हात दोन बाजूंनी त्यांच्या अंगात रुतले. चेहऱ्यावरची रेषा मात्र हलली नाही. मानकऱ्यांचंच घर ते.

मग त्यांच्या लक्षात आलं की रत्नाकर स्टुलावर बसलाय आणि त्याच्याकडे आपल्याला खालून वर बघावं लागतंय. मुलीकडच्यांनी वर आणि मुलाकडच्यांनी खाली ही कुठली रीत, असं त्यांनी विचारलं. रत्नाकर खाली सतरंजीवर बसला. मग सुभाष उंच राहिला, तोही बापाहून उंच बसेना, खाली आला. माई उभी होती, ती बसली. शेजारचे तात्या आपली खुर्ची नीट वापरताहेत ना बघायला डोकावले, त्यांना दारातच बसवलं. दूधवाला बरणी घेऊन आला, त्यालाही कुणीतरी हाताला धरून बसवलं. त्याला वाटलं कथा चालू आहे, त्यानं हात जोडले. सुनेत्रा पोह्यांचा ट्रे घेऊन आली ती गुडघ्यांवर सरकत आली. तिला ह्या लग्नासाठी काहीही करायची तयारी होती.

पोहे झकास झाले होते. वर शेव, बाजूला जिलबी. भैयासाहेबांना बशी तोंडाजवळ न्यायला फार लांब जावं लागत नव्हतं, गुडघ्यावरच ठेवली. सगळं बरं चाललं होतं. आणि मग त्यांनी विचारलं की हे क्वार्टर देवासच्या कोणत्या पातीत येतं.

आता देवासची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. पण तेही सगळं संपून जमाना झाला. नव्या मुलांना विचाराल तर पाती म्हणजे कांद्याची. माईला वाटलं, खरं सांगण्यात काय बिघडतं. ती म्हणाली, ही क्वार्टरं बांधली ती शेतं पूर्वी धाकट्या पातीत असावीत.

भैयासाहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या आजोबांना म्हणे धाकट्या पातीतल्या कुणाच्या तरी घरी लग्नात खालच्या आसनावर बसवलं होतं. कुणाच्या घरी ते आता कुणाला आठवत नव्हतं, अपमान तेवढा लक्षात होता. तेव्हापासून त्या पातीचं पाणी प्यायचं नाही असं त्यांच्या घरात चालत आलं होतं. आणि इथं तर ते चहासुद्धा प्याले होते.

त्यांचे हात टोपीकडे गेले. रुक्मिणीबाईंनी सवयीनं बशी ठेवली आणि पायानं चपला चाचपायला लागल्या. सुनेत्रानं डोळे मिटून घेतले.

भैयासाहेब उठले. म्हणजे उठायला गेले. त्यांच्याबरोबर खुर्चीही थोडी उठली आणि दोघं परत बसले. पुन्हा जोर केला. पाय तिरके असल्यामुळे खुर्ची मागेच कलायची, माणसाला पुढे येऊ द्यायची नाही. कोटाचं एक बटण तुटून दूधवाल्याच्या बरणीत पडलं.

"थोडं बसतो," भैयासाहेब म्हणाले.

"बसा ना," माई म्हणाली.

रत्नाकरला ते बघवेना. आपल्या खुर्चीत एक माणूस अडकलाय, घामाघूम झालाय. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की चूक कुठे झाली. तो माईकडे बघत होता. माई बसूनही किती बुटकी दिसत होती, आणि चित्रातली ती बाई किती लांबलचक होती. लाजेनं त्याचे कान लाल झाले. तो दोन्ही हात पुढे करून भैयासाहेबांना ओढून काढायला उठला.

"दादा, बस," सुनेत्रा हळूच म्हणाली.

तो अर्धवट उभा राहिला. हात धरला तर खुर्चीची अब्रू राहील, आणि भैयासाहेब उभे राहतील, आणि त्यांनी टोपी नीट केली की बहीण जन्मभर शाळेत खडू झिजवील. त्यानं हात मागे घेतले आणि मांडी घातली. खुर्चीकडे त्यानं पाहिलं नाही.

इकडे रुक्मिणीबाईंना मोठं नवल वाटलं होतं. नवरा उठायचा म्हणून उठला आणि तरी बसलेलाच आहे. त्यांनी पाय पुन्हा आत घेतले, बशी उचलली आणि उरलेले पोहे खाल्ले. मग आणखी मागितले. मग जिलबी. पोट भरल्यावर माणसाला आजूबाजूचं दिसायला लागतं. त्यांना नवऱ्याच्या दंडाखाली खुर्चीचा हात दिसला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडाला धरून पाहिलं.

त्यांच्या घरी धारला सिंहाच्या तोंडांच्या खुर्च्या होत्या. प्रत्येक सिंहाला दात, जीभ, आयाळ. लग्न होऊन आल्यापासून रुक्मिणीबाई काडीला कापूस गुंडाळून ते दात पुसत आल्या होत्या. एका दसऱ्याला एका सिंहाच्या घशात झुरळ निघालं होतं.

"ही पुसायला किती वेळ लागतो गं?" त्यांनी सुनेत्राला विचारलं.

"एक हात फिरवला की झालं," सुनेत्रा म्हणाली.

मुलगी पाहायच्या कार्यक्रमात मुलीशी झालेलं बोलणं ते एवढंच. रुक्मिणीबाईंनी माईकडे कुंकू, साखर, तांदूळ, नारळ आणि खण मागितला. माई खणासाठी रांगतच आत गेली आणि रांगत आली. रुक्मिणीबाईंनी सुनेत्राला कुंकू लावलं आणि तिची ओटी भरायला घेतली.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," भैयासाहेब खुर्चीतून म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी तांदळाची ओंजळ तशीच धरली. लग्नानंतर त्या नवऱ्याला उलट बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आत्ताही त्यांचा आवाज साधाच होता.

"नाही म्हणायचं असेल तर उठा."

त्यांनी वाट पाहिली. वाट पाहिली नाही असं कुणी म्हणायला नको. सगळी खोली खाली बसून भैयासाहेबांकडे बघत होती. त्यांनी छपराकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, एकदा गुडघे हलवून पाहिले. मग रुक्मिणीबाईंनी ओंजळ सुनेत्राच्या पदरात टाकली आणि चिमूटभर साखर नवऱ्याच्या तोंडात घातली. दूधवाल्यानं प्रसाद समजून हात पुढे केला, त्यालाही दिली.

राहता राहिला प्रश्न पाहुण्यांनी घरी कसं जायचं हा. मदत मागणं भैयासाहेबांच्या रक्तात नव्हतं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "खुर्ची पसंत आहे. बरोबर येईल."

रत्नाकरनं बाह्या सरसावल्या. उमाशंकरला बोलावलं, तात्या होते, सुभाष होता, चौघांनी मिळून खुर्ची भैयासाहेबांसकट उचलली आणि टेम्पोत ठेवली. एक उशी मागे लावली. टेम्पो इंदूरच्या बाजारातून गेला तेव्हा लोकांनी नमस्कार केले म्हणतात, कुणी हारही घातला. भैयासाहेबांनी तो काढला नाही. धारला गेल्यावर ते खुर्चीतून कसे निघाले, हे पुढे सून म्हणून गेल्यावर सुनेत्रानं सांगितलं. रुक्मिणीबाईंनी दोन्ही बाजूंनी गोडं तेल सोडलं होतं.

लग्न थाटात झालं. इकडे क्वार्टरमध्ये कोपरा रिकामा राहिला. गेली ब्याद, असं माई म्हणाली आणि बरेच दिवस मटार उंबऱ्यावर बसून सोलत राहिली. रत्नाकरनं ते एकदा लवकर घरी येऊन पाहिलं. काही न विचारता उमाशंकरकडे गेला आणि तीच खुर्ची, त्याच मापानं, पुन्हा करायला सांगितली. ह्या खेपेला चूक माहीत असून त्यानं ती सुधारली नाही. स्वतःसाठी त्यानं मोठ्या मापाची वेगळी करून घेतली, आणि मग त्याचं लग्न झालं, बायकोनं रुखवतात नक्षीच्या चौकटीची तसबीर आणली, तेही त्यानं सोसलं.

धारची गोष्ट मात्र रत्नाकरच्या हातात राहिली नाही. रुक्मिणीबाईंनी सिंह माळ्यावर चढवले आणि त्या खुर्चीसारख्या आणखी चार करून घेतल्या. शेजारणी बघायला आल्या, बोट फिरवून गेल्या, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्याही घरचे सिंह माळ्यावर गेले. धारच्या सुतारांनी मापं जशीच्या तशी उचलली. त्यामुळे एक वेळ अशी आली की त्या आळीत सगळी मोठमोठी माणसं माईच्या उंचीच्या खुर्च्यांतून गुडघे कानाला लावून बसलेली असायची. बैठकीतून रागानं उठून जायचा रिवाज बंद पडला. बऱ्याच मुलींची लग्नं झाली. पुढे रेक्झिनचे सोफे आले, त्यांच्या स्प्रिंगा बोचायला लागल्या आणि ते गेले. फॉर्मायकाचं आलं, त्याचे पोपडे निघाले. तिरके पाय होते तिथंच होते. त्यांच्यात बिघडायला काही नव्हतंच.

ब्याऐंशी सालच्या दिवाळीत रत्नाकर भाऊबिजेला धारला गेला. बहिणीला भेटायला म्हणून गेला, पण दारातून आत शिरल्यावर आधी डोळे कुठे गेले ते सुनेत्रानं पाहिलं. खुर्ची खिडकीशी होती. हात तेलानं आणि हाताळून हाताळून मधासारखे झाले होते. भैयासाहेब तिच्यात होते. आताशा अंगानं वाळले होते, सहज बसत, सहज उठत, पण फारसे उठत नसत. इंदूरचे कुणी पाहुणे आले होते आणि खुर्चीची चौकशी करत होते.

भैयासाहेब सांगत होते की ही धारची जुनी धाटणी. आजोबांच्या वेळेपासून मांडूला शिकारीला जाताना अशाच खुर्च्या बरोबर न्यायचे. विलायतेतल्या लोकांनी इथूनच नकाशा नेला असणार, देवासला कुणीतरी त्याची नक्कल केली. मग त्यांना रत्नाकर दिसला आणि त्यांनी साक्ष काढली.

"काय रत्नाकरराव, खरं ना?"

रत्नाकरच्या तोंडाशी ती गोरी बाई आली, कोनमापक आला, चौकटीला टेकून उभी राहिलेली माई आली. सुनेत्रा फराळाचं ताट घेऊन मधल्या दारात उभी होती. अंगानं भरली होती, कडेवर पोर, कमरेला किल्ल्या. ती भावाकडे बघत होती, आणि तिला त्याच्याकडून काय हवंय ते विचारायची गरज नव्हती.

"अगदी खरं," रत्नाकर म्हणाला. "आमच्याकडची नक्कलच होती. आणि तीही जरा आखूडच झाली होती."

भैयासाहेब प्रसन्न झाले. सुनेत्रानं पाट मांडला, आणि आज भावाच्या ताटात एक चकली जास्त पडली.